तांबं टाकण्याआधी तांबं मोजा

*आमच्याकडे चार फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. त्यात एक ब्लू टँग मासा, दोन क्लाउन मासे, एक अ‍ॅनिमोन (फुलासारखा समुद्री प्राणी), दोन क्लिनर श्रिम्प (माशांचं अंग साफ करणाऱ्या कोळंब्या), काही गोगलगायी आणि बरेच लाइव्ह रॉक (समुद्री दगड). दहा दिवसांपूर्वी एक बटरफ्लाय मासा आणून थेट टाकीत सोडला. त्यानंतर टँगच्या अंगावर पांढरे ठिपके आले, तीन दिवसांनी गेले, आणि आता दुपटीने आलेत. तो अंग दगडाला घासतो, पण खातोय. दुकानदाराने निळ्या औषधाची बिनलेबलची बाटली दिली आणि 'रोज दहा थेंब टाका' म्हणाले. माझ्या सासऱ्यांची नाशिकला द्राक्षबाग आहे. ते म्हणतात, माशांचं हे औषध म्हणजे मोरचूदच, मी पाठवतो. काय करू? क्लाउनवर एकही ठिपका नाही, त्यांनाही औषध द्यायचं का? मुलीचा सगळा जीव त्या टँगमध्ये आहे. — एक वाचक, ठाणे*

ताई, ती बाटली मोठ्या टाकीत अजून ओतली नसेल तर आता ओतू नका. मोरचूदही नको, तो तांब्याचाच क्षार आहे. या रोगावर तांबंच देतात, पण वेगळ्या टाकीत आणि मोजून. टँग खातोय, म्हणजे तुमच्या हातात नीट तयारी करण्याइतका वेळ आहे. तो वेळ वापरू या.

मोठ्या टाकीत तांबं का नको, ते आधी सांगते. माशाला बरं करायला जेवढं तांबं लागतं, त्याच्या कितीतरी कमी प्रमाणात श्रिम्प, गोगलगायी आणि अ‍ॅनिमोन मरतात. शिवाय तुमचे लाइव्ह रॉक आणि तळाची वाळू म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ते पाण्यातलं तांबं शोषून घेतं. त्यामुळे औषध घालूनही पाण्यातली मात्रा टिकत नाही, रोग जात नाही, आणि दगडात मुरलेलं तांबं पुढे हळूहळू पाण्यात उतरत राहतं. अशी टाकी कवचवाल्या प्राण्यांसाठी बराच काळ निकामी होते. 'रीफ सेफ' (म्हणजे श्रिम्प-प्रवाळांना अपाय न करणारं) असं छापलेली औषधंही मिळतात, पण या रोगावर त्यांचा भरवसा धरता येत नाही. आणि क्लिनर श्रिम्प हे ठिपके खाऊन मासा बरा करतील, अशी आशाही ठेवू नका. परजीवी माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली बसलेला असतो, तिथे श्रिम्पची पोच नाही.

तुमच्या वर्णनावरून हा व्हाइट स्पॉट दिसतो. शास्त्रीय नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. टँग जातीचे मासे याला फार लवकर बळी पडतात. पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ 'तीन दिवसांनी गेले' ही आहे, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला असं वाटतं. प्रत्यक्षात परजीवी माशावर तीन ते सात दिवस राहतो, पोट भरलं की स्वतःच सुटून खाली जातो, आणि वाळूवर, दगडावर, काचेवर कवच करून बसतो. त्या कवचाच्या आत तो विभागत जातो आणि एकाची शेकडो पिल्लं होतात. काही कवचं तीन-चार दिवसांत फुटतात, काही कित्येक आठवड्यांनी. 72 दिवसांपर्यंत टिकून मग फुटलेल्या कवचांचीही नोंद आहे. बाहेर पडलेलं पिल्लू पोहत मासा शोधतं. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ते मरतं. तुमच्या टाकीत मासा मिळाला, म्हणून ठिपके दुपटीने आले.

तांबं या सगळ्या चक्रात फक्त एकाच टप्प्यावर मारा करतं, तो म्हणजे पोहणारं पिल्लू. माशाच्या कातडीखालच्या परजीवीला ते मारत नाही, कवचातल्यालाही नाही. म्हणून 'एक कडक डोस देऊन टाकू' हा विचार इथे चालत नाही. कवच कधी फुटेल ते आपल्याला कळत नाही. ज्या क्षणी ते फुटेल त्या क्षणी पाण्यात पुरेसं तांबं हजर पाहिजे, आणि मासा मरेल इतकं ते नको. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

तांबं आणण्याआधी आज रात्री एक तपासणी करा. खोलीतला दिवा बंद करा आणि टँगवर बाजूने टॉर्च मारा. मीठ शिंपडल्यासारखे, मोजता येतील असे सुटे कण दिसले तर व्हाइट स्पॉट. पण ठिपके इतके बारीक असतील की मोजता येत नाहीत, अंगावर सोनेरी किंवा राखाडी झाक असेल, मासा उजेड टाळत असेल, पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) प्रवाहात तोंड घालून धापा टाकत असेल, तर तो वेल्वेट आहे, म्हणजे अ‍ॅमिलूडिनियम. त्यावरही तांबं चालतं, पण तिथे आठवडा हातात नसतो, दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी होऊ शकते. क्लाउनच्या अंगावरून चिकट पांढरा थर सुटत असेल तर ब्रुकलिनेलाची शंका घ्या. त्यावर तांबं निरुपयोगी आहे, फॉर्मॅलिन लागतं. पंखाच्या कडेला फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी गाठ असेल तर तो बहुधा लिम्फोसिस्टिस हा विषाणू असतो, त्याला औषधच लागत नाही. अंगावरच्या चपट्या जंतांना, म्हणजे फ्लूकला, प्राझिक्वांटेल लागतं. पांढरं काही दिसलं की तांबं, ही सवय मोडायला हवी.

आता त्या निळ्या बाटलीबद्दल. निळा रंग काहीच सांगत नाही. मोरचुदाचं पाणी निळं असतं आणि मिथिलीन ब्लूही निळंच. मिथिलीन ब्लूचा तुमच्या टँगच्या या रोगावर उपयोग नाही, उलट ते फिल्टरमधले चांगले जिवाणू मारतं. आणि ते तांबं असलंच, तरी कोणत्या प्रकारचं, किती तीव्रतेचं, हे लेबलाशिवाय कळणार नाही. दहा थेंब कशाचे आणि किती पाण्याला? दुकानदाराचा हेतू चांगला असेल, पण बिनलेबलचं तांबं मी कुणालाच वापरू देणार नाही.

तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं मात्र रसायनाच्या दृष्टीने बरोबर आहे. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, आणि मत्स्यालयातली तांब्याची काही औषधं त्यावरच आधारलेली आहेत. अडचण मापाची आहे. बागेत एक टक्का बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण) करताना 100 लिटर पाण्याला एक किलो मोरचूद लागतो. मोरचुदाच्या खड्यात वजनाचा साधारण चौथा हिस्सा शुद्ध तांबं असतं, म्हणजे त्या मिश्रणात लिटरला अडीच हजार मिलिग्रॅम तांबं झालं. माशाला साध्या कॉपर सल्फेटचं तांबं चालतं ते लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम. फरक बारा हजार पटींहून जास्त. 60 लिटरच्या टाकीला 0.2 ची मात्रा हवी असेल तर मोरचूद लागेल साधारण 47 मिलिग्रॅम. घरातल्या कुठल्याच तराजूवर ते तोलता येत नाही. अंदाजाने अर्धा ग्रॅम पडला, तर मात्रा दहापट होऊन मासे जातील. शिवाय शेतीच्या मोरचुदात इतर काय मिसळलेलं आहे ते कळत नाही, आणि समुद्राच्या पाण्याच्या 8.2 च्या पीएचला साधं तांबं लवकर साका होऊन तळाशी बसतं, म्हणजे सकाळची मात्रा संध्याकाळी राहत नाही. तेव्हा सासऱ्यांचे आभार माना, पण मोरचूद बागेतच राहू द्या.

तुम्ही मत्स्यालयासाठी बनवलेलं, लेबल असलेलं औषध घ्या. ते घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची: तांबं कोणत्या प्रकारचं आहे. साधं आयनिक कॉपर सल्फेट असेल तर मात्रा वर सांगितली तशी 0.15 ते 0.20. क्युप्रामिनसारखं अमाइनशी बांधलेलं तांबं असेल तर 0.5. आणि कॉपर पॉवर किंवा कॉपरसेफसारखं चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूने घट्ट धरून ठेवलेलं तांबं असेल, तर 2.0 ते 2.5. सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर. हे आकडे एकमेकांत मिसळले की मासे मरतात. कुणीतरी कुठेतरी वाचतं की तांबं 2 वर ठेवायचं, आणि हातात असतं साधं कॉपर सल्फेट. याच्या उलट, चिलेटेड तांबं 0.2 वर ठेवून महिनाभर वाट पाहणारेही भेटतात. त्यांच्या टाकीत परजीवी सुखाने वाढत असतो. नवख्या माणसाला मी चिलेटेडच सुचवते. ते पाण्यात टिकतं, मात्रा दिवसभरात फारशी हलत नाही, आणि माशाला जरा सौम्य जातं.

औषधाच्या आधी टेस्टर घ्या. पैसे दोन्हींपैकी एकालाच पुरत असतील तर टेस्टरच घ्या आणि औषधासाठी थांबा, इतकं ते महत्त्वाचं आहे. रंग जुळवून बघायच्या थेंबांच्या किटमध्ये 1.5 आणि 2.5 च्या निळ्या छटांतला फरक डोळ्यांना धड कळत नाही, आणि काही किट चिलेटेड तांबं नीट मोजतच नाहीत. हॅना कंपनीचा हाय रेंज कॉपर चेकर शून्य ते पाचपर्यंत आकडा दाखवतो, चिलेटेड तांब्यासाठी तो सोयीचा. काचेची कुपी प्रत्येक वेळी आरओ पाण्याने धुऊन, बाहेरून पुसून घ्या, बोटाच्या ठशानेसुद्धा आकडा बदलतो.

उपचाराची वेगळी टाकी साधी ठेवा. तुमचे चारही मासे एकत्र ठेवायचे तर दोन फुटीपेक्षा लहान घेऊ नका. टँग मोठा असेल तर तीन फुटी बरी. मी पुढचा हिशेब 60 लिटर धरून सांगते. पाणी नेमकं किती आहे हे लांबी-रुंदीवरून काढू नका. 20 लिटरचा पाण्याचा जार घ्या, त्यात सॉल्ट मिक्स केलेलं पाणी मोजून तीन जार ओता, आणि पातळीला बाहेरून मार्करने रेघ मारा. खाली वाळू नको, दगड नको, शंख नको. लपायला पीव्हीसीचे एल्बो आणि पाइपाचे तुकडे पुरतात. हीटर, एअर पंप, एअर स्टोन, स्पंज फिल्टर. मे महिन्यात ठाण्याच्या घरात चिलरशिवायची टाकी सहज तिशी ओलांडते, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. म्हणून हवा जोरात सोडा, खोली थंड ठेवा, आणि वीज गेली तर चालेल असा बॅटरीवरचा एअर पंप जवळ ठेवा.

नव्या टाकीत अमोनिया हा तांब्याइतकाच मोठा शत्रू आहे. मोठ्या टाकीच्या संपमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) स्पंज असेल तर तो काढून इकडे लावा. त्याच्याबरोबर परजीवी आले तर येऊ द्या, ते तांब्यातच यायचे आहेत. सिरॅमिक रिंगा मात्र नकोत, त्या तांबं धरतात. अमोनिया रोज तपासा, आणि वाढला तर पाणी बदला. अमोनिया बांधणारी कंडिशनर तांब्याच्या टाकीत घालू नका. त्यातल्या क्षपणकारी द्रव्यांमुळे तांब्याचं रूप बदलतं आणि ते माशाला जास्त विषारी होतं. बाटलीवर 'सेफ' लिहिलेलं असलं तरी नको. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन काढून ठेवा, तो औषध ओढून घेतो. यूव्ही दिवा बंद ठेवा, तो चिलेटची पकड सोडवतो. दुसरं कुठलंही औषध तांब्यात मिसळू नका.

आता मात्रा. मासे आधी साध्या पाण्यात सोडा आणि एक दिवस खाऊ द्या. मग बाटलीवर 60 लिटरसाठी जेवढं सांगितलंय त्याचा तिसरा हिस्सा घाला, काही तासांनी मोजा. दुसऱ्या दिवशी आणखी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी आणखी, असं करत 2.25 वर या. प्रत्येक वेळी आधी मोजायचं, मग घालायचं. टँगने आणि बटरफ्लायने खाणं सोडलं तर त्या दिवशी वाढवू नका, आहे तिथेच थांबा. वेल्वेट असेल तर इतका सावकाशपणा परवडत नाही, तिथे एक-दोन दिवसांतच मात्रा गाठावी लागते. आकडा ज्या दिवशी 2.0 च्या वर गेला तो पहिला दिवस, आणि तिथून 30 दिवस. मधे एकदाही 2.0 च्या खाली घसरला तर मोजणी पुन्हा एकपासून, कारण त्या मोकळ्या वेळेत फुटलेल्या कवचातलं पिल्लू माशात जाऊन बसलेलं असू शकतं. हे कठोर वाटेल, पण विसाव्या दिवशी 'आता काय होतंय' म्हणून सैल सोडलेले उपचारच बहुधा वाया जातात. आकडे कॅलेंडरवर लिहा. मुलीला आवडेल ते काम.

पाणी बदलताना इथे हमखास चूक होते. 60 पैकी 20 लिटर काढून साधं खारं पाणी घातलंत तर 2.25 चं थेट 1.5 होतं. म्हणून नवीन जारमध्ये आधी 20 लिटरच्या हिशेबाने पूर्ण मात्रा घाला, ढवळा, मोजा, आणि मगच टाकीत ओता. बाष्पीभवनाने उतरलेली पातळी मात्र साध्या आरओ पाण्याने रेघेपर्यंत भरा. तांबं उडून जात नाही, त्यामुळे तिथे औषध घालायचं नाही. वाढवायला जाल आणि मात्रा चढेल.

तांब्यात मासा थोडा मरगळतो, खाणं कमी होतं, हे अपेक्षित आहे. थोडं-थोडं, दिवसातून दोन-तीनदा द्या आणि उरलेलं लगेच काढा. टँगला नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) क्लिपला लावून द्या. पण मासा आडवा पडला, तोल जायला लागला, कल्ले फार जोरात चालायला लागले, तर आधी अमोनिया आणि तांबं दोन्ही मोजा. तांबं 2.5 च्या वर असेल तर तांबं नसलेलं पाणी घालून खाली आणा. गरज पडली तर कार्बन लावा. उपचार लांबला तर चालेल, मासा जगला पाहिजे.

क्लाउनबद्दल विचारलंत. हो, त्यांनाही. एकही मासा मोठ्या टाकीत मागे ठेवायचा नाही. क्लाउनवर ठिपके दिसत नसले तरी परजीवी कल्ल्यांत असू शकतो, आणि एक मासा मागे राहिला तर मोठ्या टाकीतलं चक्र तुटत नाही. अ‍ॅनिमोन, श्रिम्प आणि गोगलगायी तिथेच राहू द्या. त्यांना हा रोग होत नाही, आणि क्लाउन नसले तरी अ‍ॅनिमोनला काही होत नाही. त्याला आठवड्यातून एक-दोनदा कोळंबीचा लहान तुकडा द्या, श्रिम्पना थोडं खाद्य टाका. दिवे, स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र), पंप सगळं चालू ठेवा. मोठी टाकी माशांविना 76 दिवस ठेवा. हल्ली काहीजण सहा-सात आठवडे पुरेत म्हणतात, आणि उबदार पाण्यात बहुतेक वेळा ते पुरतंही. पण 72 दिवसांची नोंद असताना मी घाई करायला सांगणार नाही.

टेस्टर मिळालाच नाही तर? मग तांब्याचा नाद सोडा आणि टाक्या बदलायची पद्धत धरा. दोन साध्या टाक्या, किंवा प्लास्टिकचे दोन मोठे स्वच्छ टब. मासे पहिल्यात ठेवायचे, आणि 72 तास उलटायच्या आत दुसऱ्यात, पूर्ण नव्या पाण्यात हलवायचे. पहिला टब, पाइप, एअर स्टोन, जाळी सगळं धुऊन उन्हात कडक वाळवायचं. असं बारा दिवसांत चारदा. परजीवी माशावरून सुटतो आणि त्याचं कवच फुटायच्या आत मासा पुढे गेलेला असतो. मेहनत आहे, मिठाचा खर्च आहे, पण विष नाही. वेल्वेटवर ही पद्धत चालत नाही, हे लक्षात ठेवा.

तांब्याच्या टाकीची जाळी, बादली, पाइप, थर्मामीटर वेगळे ठेवा आणि त्यांना लाल टेप लावा. त्यातली एक ओली जाळी मोठ्या टाकीत बुडाली तरी धोका नको. बाटली औषधांच्या कपाटात, मुलीच्या हाताला लागणार नाही अशी. काम झाल्यावर हात साबणाने धुवा. उपचाराचं पाणी खाडीत, तलावात किंवा पावसाळी गटारात ओतू नका. कार्बन लावून तांबं उतरवा, टेस्टरवर शून्याजवळ आलं की बाथरूमच्या मोरीत सोडा.

30 दिवस पूर्ण झाले की उपचाराच्या टाकीत कार्बन लावा, पाणी बदलत तांबं खाली आणा, आणि मासे तिथेच साध्या पाण्यात ठेवा. 76 दिवसांपैकी उरलेले साधारण सहा आठवडे त्यांना तिथेच काढायचे आहेत. त्यात बटरफ्लाय कसा खातो, अंग घासतो का, बघा. घासत असेल आणि ठिपके नसतील तर फ्लूकचा विचार करा, आणि तेव्हा प्राझिक्वांटेल देता येईल, कारण पाण्यात तांबं नसेल. मोठ्या टाकीत परत सोडण्याच्या आदल्या दिवशी क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने दोन्हीकडे तपासा आणि तापमान जुळवा. मासे जाळीने उचला, त्या टाकीचं पाणी सोबत जाऊ देऊ नका.